सोमवारची लाल लिपस्टिक

गिल एल्व्हग्रेनच्या चित्रांतल्या बायकांना बहुधा काहीतरी काम असतं. कुणी शिडीवर चढून भिंत रंगवतेय, कुणी कुत्र्याला फिरवायला निघालीय, कुणी पाण्यात गळ टाकून बसलीय, कुणी टेलिफोन कानाला लावून रंगात आलीय. ओठ लालचुटूक, केसांना घोटीव लाटा, कंबर नेमकी आवळलेली, आणि हातात रोजचंच काहीतरी. एल्व्हग्रेन १९१४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात जन्मला. त्याच शहरातल्या ब्राउन अँड बिगेलो या कॅलेंडर छापणाऱ्या कंपनीसाठी त्याने वर्षानुवर्षं अशी चित्रं केली. गॅरेजांत, न्हाव्यांच्या दुकानांत, कारखान्यांच्या भिंतींवर ती लागली. भिंतीला पिनेने टाचायची, म्हणून पिनअप.

मी या चित्रांच्या प्रेमात पडले ती त्यांतल्या कामांमुळे. समारंभाला निघालेली बाई नटलेली असणारच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण शिडीवर चढलेल्या बाईने केस असे बसवावेत, ओठ असे रंगवावेत, हे बघून मी थबकले होते. तोवर माझं कपाट दोन भागांत वाटलेलं होतं. मागच्या बाजूला चांगले कपडे, कशासाठी तरी राखून ठेवलेले. पुढे रोजचे, विटलेले, अंगावर कसेही लोंबणारे. आणि 'कशासाठी तरी' तर क्वचितच उगवायचं. म्हणजे आयुष्यातले बहुतेक दिवस उरल्यासुरल्या कपड्यांत काढायचे, आणि जे आवडतं ते कसरीच्या हवाली करायचं. हा हिशेब मला पटेनासा झाला. मागचे कपडे मी पुढे आणले.

या चित्रांतली एक गोष्ट मात्र खटकते आणि ती बाजूला सारून पुढे जाता येत नाही. एल्व्हग्रेनच्या बाईचा स्कर्ट सतत कशात तरी अडकतो. कुंपणाच्या तारेत, कुत्र्याच्या दोरीत, नाहीतर वारा तरी नेमका त्याच क्षणी सुटतो. पाय दिसावेत म्हणून जुळवून आणलेला तो योग असतो, आणि तो कुणासाठी जुळवलाय हे उघड आहे. शिवाय ते पायही खरे नाहीत. तो आधी मॉडेलचे फोटो काढायचा आणि मग कॅनव्हासवर पाय लांबवायचा, कंबर बारीक करायचा. ज्या मुलीचा फोटो समोर होता तिचंसुद्धा शरीर तसं नव्हतं. म्हणून त्या चित्रांकडून मी शरीर उचलत नाही. ते कुंचल्याचं आहे. मी उचलते ती ढब. मान कशी वर आहे, खांदे कसे सैल आहेत, आणि आपल्याच अंगात किती आरामात वावरायचं आहे, ते.

हा सगळा खेळ पुरुषांनी पुरुषांसाठीच मांडला होता, असं जे सरसकट बोललं जातं, ते मला मान्य नाही. झोई मोझर्ट ही त्याच काळातली नावाजलेली पिनअप चित्रकार. १९०७ चा जन्म. ती अनेकदा आरशासमोर स्वतःच पोझ घ्यायची आणि स्वतःलाच रंगवायची. चित्रातली बाई तीच, चित्र काढणारी तीच. जॉइस बॅलंटाइन आणि पर्ल फ्रश याही त्याच धंद्यातल्या. छायाचित्रांकडे वळलं तर बनी येगर. स्वतः मॉडेल होती, मग कॅमेरा हातात घेतला. १९५४ मध्ये फ्लोरिडात तिने बेटी पेज या मॉडेलचे फोटो काढले आणि ते आजही सगळ्यांत जास्त पाहिले जाणाऱ्या पिनअप फोटोंपैकी आहेत. त्यांतल्या जंगलाच्या मालिकेत बेटीने घातलेला बिबट्याच्या ठिपक्यांचा पोशाख तिने स्वतः शिवला होता. बेटी पेज शिक्षिका व्हायला निघालेली, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलची मुलगी. कपाळावरची तिची ती प्रसिद्ध आखूड झुलपं एका हौशी छायाचित्रकाराच्या सूचनेवरून आली. कपाळ मोठं आहे, त्यावर दिव्याचा उजेड चमकतो, ते झाक, एवढंच त्याचं म्हणणं. आज जगभर हजारो मुली तशी झुलपं कापून घेतात. एका साध्या अडचणीवरची युक्ती पुढे एका अख्ख्या पंथाची खूण झाली, हे मला फार आवडतं.

अडचणीतून आलेलं सौंदर्य ही तर या सगळ्या शैलीची कुळकथाच आहे. आपण व्हिंटेज ग्लॅमर म्हटलं की मखमल, मोती, उंची अत्तर असं काहीतरी डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात चाळिशीच्या दशकातला मोठा काळ दुसऱ्या महायुद्धामुळे टंचाईचा होता. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, आणि एका लोकरी फ्रॉकला त्यातली ११ जायची. अमेरिकेत १९४२ मध्ये युद्ध उत्पादन मंडळाने एल-८५ नावाचा आदेश काढला. त्यात स्कर्टची लांबी, घेर, खालची दुमड, बाह्यांचे कफ, सगळ्यावर मर्यादा. त्या वर्षांतले फ्रॉक आठवून बघा. गुडघ्यापाशी थांबणारे, अंगाबरोबर बसणारे, खांदे ताठ. त्यांतला नेटकेपणा काही अंशी कापड वाचवण्यातून आला आहे.

पायमोज्यांचंही तेच. १५ मे १९४० ला अमेरिकेत नायलॉनचे लांब पायमोजे सगळीकडे विक्रीला आले आणि बायकांनी ते अक्षरशः उचलून नेले. दोन वर्षांत नायलॉन युद्धाकडे वळलं, पॅराशूट आणि दोरखंडांसाठी. मग बायकांनी पायांना रंग लावला आणि पोटरीच्या मागे भुवयांच्या पेन्सिलीने शिवणीची सरळ रेघ ओढली. मोजे नाहीत, पण शिवण आहे. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पिट्सबर्गला १३,००० जोड्यांसाठी सुमारे ४०,००० लोक रांगेत उभे राहिले होते. या रांगेला कुणी उथळ म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. वर्षानुवर्षं कारखान्यांत, कचेऱ्यांत, इस्पितळांत राबलेल्या बायका होत्या त्या, आणि त्यांना आपली एक आवडती वस्तू परत हवी होती.

केसांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. व्हेरॉनिका लेक या नटीचे लांब सोनेरी केस एका डोळ्यावर यायचे. हजारो बायकांनी ते उचलले. पण यंत्रापाशी उभं राहिल्यावर मोकळे केस जिवावर बेततात. १९४३ च्या सुमारास, सरकारच्या विनंतीवरून, लेकने आपले केस वर बांधून दाखवले. कपाळावरून केस वर वळवून दोन बाजूंना दोन गुंडाळ्या बसवायच्या, ज्यांना व्हिक्टरी रोल्स म्हणतात, किंवा सगळं डोकं रुमालात बांधून पुढे एक गाठ मारायची, या दोन्ही गोष्टींमागे हीच निकड आहे: केस डोळ्यांवर यायला नकोत, यंत्राच्या पट्ट्यात अडकायला नकोत, आणि तरी आरशात स्वतःकडे बघावंसं वाटलं पाहिजे. स्कार्फ बांधून स्वयंपाकघर घासायला घेते तेव्हा मी त्या कारखान्यातल्या बायकांची वारस असते, सिनेमाच्या पडद्यावरच्या नटीची नव्हे.

आणि लिपस्टिक. अमेरिकेच्या मरीन दलात बायका भरती झाल्या तेव्हा सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या एलिझाबेथ आर्डेनने त्यांच्यासाठी मॉन्टेझुमा रेड नावाची छटा काढली. गणवेशाच्या टोपीवरच्या लाल दोरीशी जुळणारी. गणवेश, कवायत, हुद्दा, आणि त्याच्याशी जुळणारे लाल ओठ. कामाचं गांभीर्य आणि नटणं एकमेकांच्या आड येतात, असं त्या बायकांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ते ऐकून घेतलं नसतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. ही शैली हाताने करायची आहे, आणि मला तिचं सगळ्यांत मोठं वेड त्यामुळेच आहे.

पिनकर्ल्स आधी. रात्री केस धुऊन, टॉवेलने टिपून, थोडे ओलसर ठेवायचे. सेटिंग लोशन, म्हणजे केसांचा आकार धरून ठेवणारं द्रव, फवारायचं. मग साधारण इंचभर रुंदीची बट घ्यायची, मुळापासून टोकापर्यंत फणीने नीट विंचरायची, आणि टोकाकडून सुरुवात करून मुळापर्यंत बोटावर गुंडाळत आणायची. गुंडाळी डोक्याला चपटी लागली पाहिजे, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. टोक आत गेलं पाहिजे. टोक बाहेर राहिलं की सकाळी तिथे माशाच्या गळासारखा वाकडा काटा तयार होतो आणि तो काही केल्या बसत नाही. वर दोन पिना फुलीसारख्या. एका ओळीतल्या सगळ्या गुंडाळ्या एकाच दिशेने फिरल्या पाहिजेत, म्हणजे सकाळी त्यांची एक सलग लाट होते. डोकं भरलं की वर रेशमी रुमाल बांधून झोपायचं.

यामागचं शास्त्र सोपं आहे. पाण्याने केसांतले हायड्रोजन बंध सुटतात आणि केस वाळताना ते नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून केस पूर्ण वाळणं हा खरा कळीचा मुद्दा आहे. जराही ओलसर असताना पिना काढल्या तर दुपारपर्यंत सगळं सरळ. हवा दमट असली तरीही लाट उतरते, कारण ओलावा येऊन तेच बंध पुन्हा सैल करतो.

सकाळी पिना काढल्यावर डोक्यावर घट्ट वेटोळी असतात. ती तशीच सुंदर दिसतात आणि तिथेच थांबावंसं वाटतं. थांबायचं नाही. ब्रश घ्यायचा आणि धीराने, भरपूर, मुळापासून विंचरायचं. आधी सगळे केस फुगून चहूकडे उभे राहतात. बहुतेक जणी इथे घाबरतात आणि डोकं पुन्हा धुवायला जातात. पण त्या फुग्याच्या पलीकडे लाट असते. हातावर थोडं पोमेड, म्हणजे केस बसवायचं मलम, चोळून, ब्रशच्या मागोमाग तळवा फिरवत राहिलं की केस हळूहळू एकमेकांना धरतात, आणि एका क्षणी, खरंच एका क्षणी, कानाच्या वर एक खळगा आणि त्याखाली एक उंचवटा उमटतो. तो उमटताना बघण्यासाठी मी रात्री पिना लावत बसते. त्या काळी बायका मिडी नावाचा कट करून घ्यायच्या, मध्यम लांबीचा, मागे अर्धगोल, भरपूर थरांचा. त्यावर या लाटा सहज बसतात. लांब, एकाच मापाच्या केसांवर त्या आपल्याच वजनाने खाली ओढल्या जातात. केस बसत नसतील तर दोष बऱ्याचदा हाताचा नसतो, कटाचा असतो.

"अगं, एवढा वेळ कुठून आणतेस?" हे मला मैत्रिणी नेहमी विचारतात. वेळ लागतो, हे खरं आहे. एकदा बसवलेले केस नीट सांभाळले तर तीनचार दिवस चालतात, पहिल्या दिवशी मोकळे, मग रोल्स, मग स्कार्फखाली, हेही खरं आहे. पण माझं खरं उत्तर वेगळं आहे. तो वेळ मला हवा असतो. दिवसभर हात कीबोर्डवर असतात आणि नजर पडद्यावर. रात्री पिना लावताना हातांना एक काम मिळतं ज्याचं फळ सकाळी स्वतःच्याच डोक्यावर दिसतं. त्या वेळात मी कुणालाही उत्तर द्यायला बांधलेली नसते.

कपड्यांविषयी मी अधिक हट्टी आहे. माझ्याकडे चाळिशीच्या दशकातला एक गडद निळा रेयॉन क्रेपचा फ्रॉक आहे. तो उलटा करून बघायला मला सुलटा बघण्यापेक्षा जास्त आवडतो. डाव्या कुशीत धातूची छोटी चेन आहे, कारण तेव्हा पाठीवर लांबलचक चेन लावायची पद्धत सर्रास नव्हती. खालची दुमड हाताने घातलेली आहे, टाका इतका बारीक की सुलट्या बाजूला फक्त उजेडात तिरपं धरलं तर कळतो. कंबरेजवळच्या चुण्यांशेजारी जुन्या सुयांची भोकं आहेत. म्हणजे कुणीतरी तो एकदा सैल केला आहे. डाव्या मुंढ्याखाली किंचित फिकट दोऱ्याने केलेलं रफू आहे. ज्या बाईने ते केलं तिला नेमक्या रंगाचा दोरा मिळाला नसावा. तरी तिने फ्रॉक टाकला नाही. ब्रिटनमध्ये १९४३ साली सरकारनेच 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली होती, आहे ते कपडे दुरुस्त करून कसे वापरावेत हे शिकवणारी. माझ्या फ्रॉकची बाई कुठली होती हे मला कळायचा मार्ग नाही, पण तिचा टाका मी रोज अंगावर वागवते.

असे कपडे सांभाळायला शिकावं लागतं. रेयॉन क्रेप पाण्यात आकसतो, तोही असा की हातभर फ्रॉक वीतभर व्हावा. घामाने जुनं रेशीम कुजतं, म्हणून काखेत कापडी पॅड लावायचे. जुने खांदे हँगरवर टांगून फाटतात, ते आडवे घडी करून ठेवायचे. आणि जे कापड हातात घेताच तडकतंय, ते घालायचं नाही. त्याचं काम आता फक्त पाहण्याचं. रोज वापरायला मी बव्हंशी नव्याने शिवलेलेच कपडे घालते, जुन्या बेतावर. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. अस्सल जुनंच हवं असा आग्रह धरणाऱ्यांशी माझं पटत नाही, कारण त्या काळचे कपडे अरुंद मापांत जास्त टिकले आहेत, आणि अस्सलतेचा आग्रह धरला की मोठ्या अंगाच्या बायका आपोआप दाराबाहेर राहतात.

मापांचा हा विषय निघालाच आहे तर सांगते. जुन्या फ्रॉकवर १२ लिहिलेलं दिसलं आणि आपलं मापही १२ असलं, म्हणून तो बसेल असं मुळीच नाही. तेव्हाचा १२ आजच्या १२ पेक्षा कितीतरी लहान. अमेरिकेत १९३९-४० मध्ये कृषी खात्याने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली होती, प्रत्येकीची ५९ ठिकाणची. त्या कामाच्या आधारावर १९५८ मध्ये मापांचं एक मानक निघालं आणि १९८३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. गंमत अशी की त्या पाहणीत हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. म्हणजे ज्या आकड्यावरून बायका आजही स्वतःला कोसतात, तो आकडा मुळात सगळ्यांसाठी कधी नव्हताच. टेप घ्या, छाती, कंबर, नितंब मोजा, आणि कपड्याशी ताडून बघा. लेबल कापून टाकलं तरी चालतं.

शिवायला सुरुवात करायची असेल तर पूर्ण घेराचा स्कर्ट घ्या. कंबर २८ इंच असेल तर तिला ६.२८ ने भागायचं, साडेचार इंच येतात. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ आत कापायचं, आणि लांबी २६ इंच हवी असेल तर बाहेरचं वर्तुळ साडेतीस इंचांच्या त्रिज्येचं. कंबरेच्या अठ्ठावीस इंचांचा खाली जवळजवळ १९० इंच घेर होतो, म्हणजे सोळा फूट. कापून झाल्यावर स्कर्ट एक दिवस टांगून ठेवायचा. तिरप्या धाग्यावर आलेलं कापड खाली सुटतं आणि कडा वरखाली होते. ती सारखी करून मगच दुमड घालायची. टंचाईच्या वर्षांनंतर १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिऑर या फ्रेंच डिझायनरने आवळलेली कंबर आणि भरघोस घेर दाखवला तेव्हा लोक का वेडे झाले आणि काही जण का संतापले, हे तो स्कर्ट घालून एक गिरकी घेतल्याशिवाय नीटसं कळत नाही. इतकं कापड! इतक्या वर्षांनी!

दिऑरपेक्षा मी क्लेअर मॅकार्डेलची जास्त ऋणी आहे. १९४२ मध्ये या अमेरिकन डिझायनरने पॉपओव्हर नावाचा फ्रॉक काढला. अंगाभोवती गुंडाळून बांधायचा, कापड दणकट, खिसा मोठा, आणि सोबत गरम भांडं धरायचा हातमोजा. ६.९५ डॉलरला. घरातले मदतनीस युद्धाच्या कामावर गेल्यामुळे ज्यांच्यावर घरकाम येऊन पडलं होतं त्यांच्यासाठी. रोजच्या कामाचा कपडा देखणा असायला हवा, या एका गोष्टीवर तिने आपली अक्कल पणाला लावली. खिसे ही माझी अट आहे, मग शैली कोणतीही असो. मी शिवते त्या प्रत्येक स्कर्टला दोन्ही कुशींत खिसे असतात, हात मनगटापर्यंत आत जाईल इतके खोल.

मला ज्या काळाचं एवढं वेड आहे तो काळ सगळ्यांसाठी सोनेरी नव्हता, हे मी कधी विसरू देत नाही, स्वतःला आणि बरोबरच्यांनाही. लीना हॉर्न ही कृष्णवर्णीय गायिका आणि नटी, कृष्णवर्णीय सैनिकांची लाडकी पिनअप. १९४२ मध्ये तिचा एमजीएम या स्टुडिओशी करार झाला. तरी तिची गाणी चित्रपटांत अशी बसवलेली असायची की दक्षिणेकडच्या राज्यांत दाखवताना ती सहज कापून टाकता यावीत. बेटी ग्रेबल या नटीचा खांद्यावरून मागे बघणारा १९४३ चा फोटो बराकीबराकींतून लागला होता, आणि त्याच सैन्यात काळे आणि गोरे सैनिक वेगवेगळ्या तुकड्यांत होते. अमेरिकेत कर्ज देताना बाई म्हणून किंवा तिचं लग्न झालंय की नाही यावरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आली ती १९७४ मध्ये. पन्नाशीच्या दशकातली ती फुललेल्या स्कर्टातली हसरी बाई बँकेत एकटी गेली असती तर बहुधा रिकाम्या हाताने परतली असती.

म्हणून या शैलीच्या चाहत्यांत एक घोषणा चालते: व्हिंटेज स्टाइल, नॉट व्हिंटेज व्हॅल्यूज. मी ती मनापासून मानते. स्कर्ट मी त्या काळचा घालते; मत, पगार आणि निर्णय आजचे. कुणी कौतुकाने "तुला त्या काळात जन्मायला हवं होतं" म्हणालं की मी लगेच "नाही, मला आत्ताच जन्मायला हवं होतं" असं सांगते. आज जगात कुठेही, कुठल्याही रंगाची, कुठल्याही अंगलटीची, साठी उलटलेली बाईसुद्धा हे रोल्स बसवू शकते आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. ही शैली खरी फुलली आहे ती आत्ता.

रोजच्या वापरात याचं काय होतं ते सांगते. पहिला बदल पाठीत होतो. कंबरेत बसणारा, आतून पट्टी असलेला स्कर्ट घातला की पोक काढून बसताच येत नाही. कापड हळूच आठवण करून देतं. दुसरा बदल चालीत. घेर गुडघ्यांना लागून झुलत राहतो आणि पावलं आपोआप मोकळी पडतात. लाल लिपस्टिकचा परिणाम बोलण्यावर होतो. पेन्सिलीने कड आखायची, ब्रशने रंग भरायचा, टिश्यूने टिपायचा, किंचित पावडर, पुन्हा रंग. एवढं करून सजवलेले ओठ मग पुटपुटत नाहीत. मी बैठकीत स्पष्ट बोलू लागले त्यात या ओठांचा वाटा आहे, असं मला खरंच वाटतं. लाल छटा निवडताना एक ध्यानात ठेवा: निळसर झाकेचा लाल दात शुभ्र दाखवतो, नारिंगी झाकेचा चेहऱ्यावर ऊब आणतो. दोन्ही लावून दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभं राहून बघा. दुकानातल्या दिव्यांवर भरवसा ठेवू नका.

लोक बघतात. "आज काय विशेष?" हा प्रश्न तर ठरलेला. मी "काही नाही, सोमवार आहे" म्हणते, आणि विचारणारी क्षणभर गोंधळते. विचारणाऱ्यांत रोखून बघणारे पुरुषही असतात, आणि पिनअप म्हटल्यावर आपल्याला काहीही बोलायची मुभा मिळाली असं समजणारेही. त्यांना मी तिथल्या तिथे थांबवते. माझा पोशाख माझ्यासाठी आहे. तो दिसतो सगळ्यांना, याचा अर्थ तो सगळ्यांसाठी आहे असा होत नाही. पण सांगण्यासारखं दुसरंच जास्त आहे. म्हाताऱ्या बायका थांबतात. रस्त्यात, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या रांगेत. स्कर्टचं कापड बोटांत धरून बघतात, आपल्या आईच्या केसांविषयी सांगतात, पिना कुठल्या डब्यात असायच्या ते सांगतात. एकीने माझा व्हिक्टरी रोल विचारून सोडवला आणि दुसऱ्या हाताने वळवून पुन्हा बसवला. तिच्या हाताने बसवलेला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. वळण बोटांनी द्यायचं पण गुंडाळी मुळाशी आली की मनगट आतल्या बाजूला मुडपायचं, हे मी तिच्याकडून शिकले, आणि कुठल्याही व्हिडिओत मला ते सापडलेलं नव्हतं.

आता ऑफिसातली एक मुलगी मागे लागली आहे, "मला शिकव." तिचे केस आखूड आहेत, मानेपर्यंत, थरांचे. तिला वाटतं त्यावर काही होणार नाही. मी म्हटलं, पिनकर्ल्ससाठी याहून चांगले केस नसतात. रविवारी संध्याकाळी ती येणार आहे. तिला दोनच गोष्टी सांगितल्यात: केस धुऊनच ये, आणि पिना लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट आण. सोमवारी सकाळी ती पहिल्यांदा ब्रश फिरवेल तेव्हा सगळे केस फुगून उभे राहतील आणि ती मला घाबरून फोन करेल. तेव्हा काय सांगायचं ते ठरलेलं आहे: "थांबू नकोस, विंचरत राहा."